हरणांचे कुरण

अरण्यात गवत आपोआप उगवते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शेतकऱ्याला नांगरावे लागते, पेरावे लागते, निंदणी करावी लागते. अरण्यात यांपैकी काहीच करावे लागत नाही. पाऊस पडला की रान हिरवे होते आणि हरणे पोटभर चरतात, असे दुरून पाहणाऱ्यास वाटते. ज्या रानाला मनुष्याचा हात फारसा लागलेला नाही, त्या रानापुरते हे खरेही आहे. परंतु ज्या भूमीवर मनुष्याने एकदा गाव वसवले, शेती केली, गुरे चारली, ती भूमी त्याने सोडून दिली म्हणजे लगेच तिचे कुरण होते असे नाही. तेथे हिरवळ दिसते. पण ती हरणांच्या पोटात जाणारी असतेच असे नाही. अशा भूमीवर पुन्हा गवत आणण्यासाठी मनुष्यालाच कष्ट करावे लागतात, आणि त्या कष्टांतील फार मोठा भाग तण काढण्याचा असतो.

भारतात १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला. त्यासाठी प्रथम जी नऊ अरण्ये निवडली गेली, त्यांत महाराष्ट्रातील मेळघाट आणि मध्यप्रदेशातील कान्हा यांचा समावेश होता. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोब्याचे अरण्य पुढे या प्रकल्पात आले. या अरण्यांच्या पोटात अनेक लहान लहान गावे होती. वन्य प्राण्यांना निर्वेध जागा मिळावी म्हणून त्यांपैकी काही गावे अरण्याबाहेर नेऊन वसवण्यात आली. मेळघाटातील बोरी, कोहा आणि कुंड ही गावे या शतकाच्या आरंभी अशीच उठली. ताडोब्यातील नवेगावही पुढे उठले. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले घर, गावची विहीर, देवाचे ठाणे, बांधावरचे मोहाचे झाड हे सारे मागे ठेवून माणसे निघून गेली. कोणी खुशीने गेले, कोणी जड मनाने गेले. त्यांनी सोडलेल्या शेतांवर हरणे चरावीत, हाच या त्यागाचा हेतू होता. म्हणून त्या भूमीवर पुढे काय उगवते, हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाही.

हरणांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. अरण्यातील जीवनाची साखळी पाहिली म्हणजे त्याचे उत्तर मिळते. एका वाघाला वर्षाकाठी सुमारे ५० हरणांएवढी शिकार लागते. अर्थात एक वाघ जगवायचा तर त्याच्याभोवती हरणांचे मोठे कळप नांदले पाहिजेत. आणि कळप नांदायचे तर त्यांना बारमाही चारा मिळाला पाहिजे. चितळ कोवळे गवत आवडीने खातो आणि उन्हाळ्यात गळलेली पाने, फुले व फळे यांवरही गुजराण करतो. सांबर गवताबरोबर झुडपांचा पालाही खातो. बाराशिंगा मात्र जवळजवळ सर्वस्वी गवतावर जगतो. अरण्यात हरणांना चारा अपुरा पडू लागला, म्हणजे ती रानाच्या कडेच्या शेतांकडे वळतात. त्यांच्यामागून वाघ येतो, आणि मग मनुष्याचेही नुकसान होते. तेव्हा गवताची काळजी घेणे म्हणजे हरणांची, वाघाची आणि रानाकाठच्या शेतकऱ्याची काळजी घेणे होय.

आता गाव उठून गेलेल्या जागेकडे पाहावे. पहिला पाऊस पडतो आणि पंधरा दिवसांत सारी भूमी हिरवीगार होते. जवळ जाऊन पाहिले तर त्या हिरवळीत गवताची पाती थोडी आणि रुंद पानांची रोपेच फार आढळतात. हरणे या रानात येतात, इकडेतिकडे हुंगतात आणि पुढे निघून जातात. असे का व्हावे?

याचे कारण त्या भूमीच्या पूर्वेतिहासात आहे. गावाची गुरे वर्षानुवर्षे त्याच रानात चरत होती. चरताना गुरे जे गोड आणि मऊ असते, ते प्रथम खातात. जे कडू, उग्र वासाचे किंवा काटेरी असते, ते तसेच सोडतात. त्यामुळे चांगल्या गवताला फुलोरा येण्याची संधीच मिळत नाही, आणि सोडून दिलेल्या रोपांचे बी मात्र दरसाल मातीत पडत राहते. जेथे शेती होती, तेथे नांगराने बहुवर्षायू गवतांचे ठोंब केव्हाच उपटून टाकलेले असतात. जेथे गोठे व उकिरडे होते, तेथील माती शेणखताने सकस झालेली असते आणि अशा मातीत तणे विशेष जोमाने वाढतात. म्हणजे मनुष्य आणि त्याची गुरे निघून गेली, तरी मातीच्या पोटात तणांच्या बियांची कोठी भरलेलीच राहते. गवताचे बी मात्र त्या कोठीत फारसे नसते.

या तणांत काही तर दूरदेशीचे पाहुणे आहेत. घाणेरी ही मूळची अमेरिका खंडातील. तिची रंगीबेरंगी फुले पाहून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेसाठी भारतात आणली. आज ती देशभर रानोमाळ पसरली आहे. तिला टणटणी असेही म्हणतात. तिची पाने विषारी असल्याने प्राणी सहसा तिला तोंड लावत नाहीत. गाजरगवत हेही त्याच खंडातले. त्याच्या नावात गवत असले, तरी ते गवत नव्हे. पुण्यात १९५५ च्या सुमारास ते प्रथम लोकांच्या नजरेस आले आणि काही दशकांतच त्याने देश व्यापला. त्याच्या एका रोपापासून १५,००० ते २५,००० बिया तयार होऊ शकतात, आणि ओल मिळाली तर महिना-दीड महिन्यात नवे रोप फुलावर येते. रानतुळस हीदेखील अमेरिकेतूनच आलेली. ती पुरुषभर उंच वाढते, तिला उग्र वास येतो आणि तिची दाटी झाली की खाली दुसरे काही वाढू शकत नाही. तिच्या वाळलेल्या फुलांचे काटेरी पेले जनावरांच्या अंगाला चिकटून दूरवर जातात.

तरोट्याची गोष्ट थोडी निराळी आहे. महाराष्ट्रात अन्यत्र त्याला टाकळा म्हणतात. पावसाळ्याच्या आरंभी त्याच्या कोवळ्या पानांची भाजी घरोघरी आवडीने खाल्ली जाते. मग त्याला तण का म्हणावे? तण ही वनस्पतींची कोणी वेगळी जात नाही. जे रोप जेथे नको असते, तेथे ते तण ठरते. गव्हाच्या शेतात उगवलेला हरभरा गव्हाच्या दृष्टीने तणच होय. परसातला तरोटा भाजी असेल. पण कुरणात तो गुडघाभर वाढून गवताचा प्रकाश अडवतो, आणि हरणे त्याला शिवत नाहीत. त्याच्या बियांचे कवच इतके टणक असते, की त्या मातीत वर्षानुवर्षे पडून राहतात आणि थोड्या थोड्या करून उगवतात. म्हणून एका वर्षी सारा तरोटा उपटला, तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा दिसतोच.

तण काढण्याच्या कामात बळापेक्षा वेळेला अधिक महत्त्व आहे. तरोटा, रानतुळस, गाजरगवत यांसारखी रोपे केवळ बियांपासून उगवतात. त्यांचे सारे सामर्थ्य बियांत असते. बी धरण्यापूर्वी रोप निघाले, तर त्याचा वंश तेथेच थांबतो; बी पडल्यावर तेच रोप उपटले, तर सारे श्रम वाया जातात. उलट उपटणाऱ्याच्याच हातून बी चहूकडे झडते. यासाठी जुलै-ऑगस्टमध्ये, जमीन ओली असताना आणि रोपे फुलावर येण्यापूर्वी, पहिली उपटणी करतात. ओल्या मातीतून रोप मुळासकट सहज निघते. विळ्याने कापलेले रोप मात्र बुंध्यापासून पुन्हा फुटते. म्हणून कापण्यापेक्षा उपटणे बरे. पहिल्या वेळी नजरेतून सुटलेली आणि मागाहून उगवलेली रोपे सप्टेंबरच्या सुमारास दुसऱ्या उपटणीत काढतात. पावसाळा सरताना तिसरी फेरी मारून उरलीसुरली रोपे वेचतात. ज्या रोपांना बी धरले असेल, ती कुरणातून ओढत न नेता जपून गोळा करून नष्ट करावी लागतात. गाजरगवताच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून ते उपटताना हातमोजे घालणे अवश्य असते.

हे काम यंत्राने होण्यासारखे नाही. तणाच्या शेजारीच गवताचा कोवळा कोंब असतो. रानमूग, रानउडीद यांसारखे हरणांना उपयोगी वेलही त्यातच असतात. दोन पानांवर असलेले रोप कोणते आहे, हे ओळखणारी नजर लागते. मेळघाटातील कोरकू आणि ताडोब्यातील गोंड लोकांना या रानातील झाडापाल्याची जन्मापासून ओळख असते. कोणते रोप ठेवावे आणि कोणते काढावे हे जाणणारे त्यांच्यासारखे हात नसतील, तर तणाबरोबर चाराही उपटला जाईल.

घाणेरीची रीत मात्र वेगळी आहे. ती झुडूपवर्गातली, वर्षानुवर्षे जगणारी. तिला वरून छाटले, तर ती अधिकच जोमाने फुटते. जाळले, तरी बुंध्यातून नवे धुमारे येतात. जेथे खोड आणि मूळ यांचा सांधा असतो, तेथून हे धुमारे निघतात. दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी या गोष्टीचा अभ्यास करून एक सोपी पद्धत सांगितली. झुडपाभोवतीची माती थोडी मोकळी करायची, सांध्याच्या खाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचे, आणि झुडूप उचलून मुळे आकाशाकडे करून उलटे ठेवायचे. असे केल्याने मुळांचा मातीशी संबंध तुटतो आणि झुडूप वाळून जाते. सारी जमीन खणावी लागत नाही, त्यामुळे भोवतालचे गवतही सुरक्षित राहते. तथापि एवढ्याने काम संपत नाही. बुलबुलासारखे पक्षी घाणेरीची काळी फळे खातात आणि झाडांवर बसून विष्ठेवाटे बिया टाकतात. म्हणून पुढील दोन-तीन वर्षे मोठ्या झाडांखाली फिरून घाणेरीची कोवळी रोपे शोधून उपटावी लागतात.

शेतकरी तणाचा नाश करण्यासाठी जे उपाय योजतो, त्यांतील काही कुरणात उपयोगी पडत नाहीत. सारे रान खोल नांगरावे, असे प्रथम मनात येते. पण नांगराने खाली गाडलेल्या बिया वर येतात, त्यांना प्रकाश व हवा मिळते, आणि झोपलेले तण जागे होते. तणनाशक औषध फवारावे, तर तेच रान हरणांना चरायचे असते आणि तेथले पाणी वाहत ओढ्याला मिळायचे असते. आग लावावी, तर वाळलेले तण जळते. परंतु त्याबरोबर गवताचे बी, जमिनीवरची अंडी व पिल्ले यांचाही नाश होतो, आणि मातीतील टणक बिया शाबूत राहतात. हे मार्ग जलद दिसतात, पण ते मूळ प्रश्न सोडवत नाहीत. गाजरगवतावर मात्र एक वेगळा उपाय सापडला आहे. त्याची पाने खाणारा एक लहान भुंगा १९८४ साली मेक्सिकोतून आणलेल्या किड्यांपासून वाढवून बंगळूर येथे सोडण्यात आला. पावसाळ्यात हे भुंगे गाजरगवताची पाने कुरतडून त्याचा जोर कमी करतात. तरीही मनुष्याच्या हातांची गरज संपलेली नाही.

समजा, सर्व तण निघाले. आता जमीन मोकळी झाली. परंतु मोकळी जमीन फार दिवस मोकळी राहत नाही. तेथे गवत लावले नाही, तर तणच पुन्हा येते. म्हणून तण काढणे आणि गवत लावणे ही दोन कामे एकाच कामाचे दोन भाग आहेत. मारवेल, पवना, शेडा, कुंदा ही या प्रदेशातील उत्तम चाऱ्याची गवते. अरण्यात जेथे ती अजून चांगली टिकून आहेत, तेथून पावसाळा संपल्यावर त्यांची पक्व कणसे हाताने खुडून आणतात. बाहेरच्या गवताचे बी आणले, तर त्याबरोबर नवी तणे येण्याचे भय असते. म्हणून बी त्याच रानातले असणे इष्ट होय. हे बी सावलीत वाळवून कोरड्या जागी ठेवतात. पुष्कळ गवतांचे बी पक्व होताच उगवत नाही. त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते. ती पुरी होईपर्यंत मृगाचा पाऊस येऊन ठेपतो.

गवताचे बी फार हलके आणि कुसळांचे असते; वाऱ्याने ते सहज उडून जाते. यासाठी ते ओलसर माती व शेणखत यांत मिसळून पेरतात. पेरणी खोल करून चालत नाही. बियांवर मातीचा पातळ थर पुरे होतो. काही ठिकाणी रोपवाटिकेत वाढवलेले ठोंब भर पावसात ओळीने लावतात. लावलेले गवत मूळ धरीपर्यंत त्याला हरणांपासूनही जपावे लागते. ज्यांच्यासाठी कुरण करायचे, त्यांनाच काही काळ कुंपणाबाहेर ठेवायचे, हे प्रथम चमत्कारिक वाटते. परंतु कोवळे ठोंब मुळासकट उपटून निघाले, तर पुढे चरण्यास काहीच उरणार नाही.

एकदा गवताने मूळ धरले, की तणाविरुद्ध ते स्वतःच उभे राहते. याला कारण त्याची शरीररचना. बहुतेक रोपांचा वाढणारा शेंडा वर असतो, तर गवताचा जमिनीलगत असतो. हरणाने वरची पाती खाल्ली, तरी खालचा कोंब सुरक्षित राहतो आणि गवत पुन्हा फुटते. बेताने चरलेले गवत अधिक दाट होते; त्याचे ठोंब पसरत जाऊन जमीन झाकतात, आणि तणाच्या बीला लागणारा प्रकाशच मग मातीपर्यंत पोहोचत नाही. अशा प्रकारे पहिली काही वर्षे माणसाने गवताचे रक्षण करायचे आणि पुढे गवताने आपले रक्षण करायचे, असा हा क्रम आहे. मात्र त्यासाठी पहिली काही वर्षे एकही पावसाळा चुकवून चालत नाही. एका पावसाळ्यात हयगय झाली, तर मातीतील रिकामी होत आलेली बियांची कोठी पुन्हा काठोकाठ भरते.

या श्रमांचे फळ मिळते की नाही, हे नुसत्या नजरेने ठरवत नाहीत. कुरणात ठिकठिकाणी एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट ठेवून तिच्यात गवताची रोपे किती आणि तणाची किती, हे दरवर्षी मोजतात. चौकटीतील तण घटत आणि गवत वाढत गेले, तर काम योग्य दिशेने चालले आहे असे समजावे. हरणांच्या लेंड्या आणि खुरांचे ठसे हीदेखील खात्रीची साक्ष असते.

योग्य गवत मिळाल्याने काय घडू शकते, याचे मोठे उदाहरण कान्ह्याच्या अरण्यात आहे. तेथील कठीण भूमीवर राहणारा बाराशिंगा एके काळी हजारोंच्या संख्येने होता. १९७० साली गणती झाली, तेव्हा तेथे अवघे ६६ बाराशिंगे उरले होते. पुढे अरण्यातील गावे उठवून त्यांच्या शेतांची कुरणे करण्यात आली, पाणथळ जागा राखल्या गेल्या, काही क्षेत्राला कुंपण घालून तेथे हरणांना निर्भयपणे वाढू दिले. बाराशिंग्याची मादी आपले पाडस उंच गवतात लपवते. तेव्हा गवत हे त्याचे अन्न होते आणि घरही होते. हळूहळू ही संख्या शेकड्यांवर गेली. इतकेच नव्हे, तर कान्ह्यातील काही बाराशिंगे २०१५ साली सातपुड्याच्या आणि २०२३ साली बांधवगडच्या अरण्यात नेऊन सोडता आले. केवळ गवतामुळे हे झाले असे नाही. पण गवतावाचून ते झाले नसते.

याचा अर्थ सगळे अरण्य तोडून त्याचे कुरण करावे, असा मात्र नव्हे. सांबराला झाडोरा लागतो, भेकराला दाट आडोसा लागतो, पक्ष्यांना उंच वृक्ष लागतात. कुरण हा अरण्याचा एक भाग आहे. तो आपल्या जागी आणि आपल्या प्रमाणात असला म्हणजे शोभतो. जेथे पूर्वी शेत होते आणि आज तण माजले आहे, तेथेच ही मशागत करायची असते.

मनुष्याने जमीन सोडली म्हणजे त्याचे कर्तव्य संपले, असे समजणे चुकीचे होय. आपल्या वापराने त्याने तिची जी घडी मोडली, ती पुन्हा बसवून देण्याचे ऋण त्याच्यावर असते. ज्यांनी आपली घरेदारे सोडली, त्यांच्या शेतांत घाणेरी आणि गाजरगवत माजले, तर ती भूमी माणसाचीही राहत नाही आणि हरणांचीही होत नाही. हे ऋण एका दिवसाच्या उत्साहाने फिटणारे नाही. दर पावसाळ्यात वाकून, एकेक रोप ओळखून, ते मुळासकट उपटून आणि त्याच्या जागी गवत लावूनच ते फेडावे लागते. मग हिवाळ्यातील एखाद्या सकाळी जुन्या बांधांवर दव पडलेले असते, मोहाच्या झाडाखाली चितळांचा कळप मान खाली घालून शांतपणे चरत असतो, आणि पूर्वी ज्या शेताने माणसांना ज्वारी दिली, तेच शेत आता हरणांना चारा देत असते.